धपाटे, उपाशीपोटी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता?" मी म्हणते, "धपाटे घालते." तिचा घास हातातच थांबतो. "अगंबाई! ऑर्डर घेता का हो? आमच्याकडं पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे." आता ह्यावर खुलासा करायचा म्हणजे जिलबीच्या ताटावर कफाचं बोलणं आलं. म्हणून मी "सध्या कामाला माणसं नाहीत" असं सांगून मोकळी होते. निवृत्त झाले तरी हे काही चुकलेलं नाही.

धपाटे दोन प्रकारचे. एक ज्वारीच्या पिठात कांदा-लसूण-मिरची घालून थापायचे, दुसरे पाठीत घालायचे. माझी हयात दुसऱ्या प्रकारात गेली. पहिल्याशी माझा संबंध येण्याचं कारणच नव्हतं, कारण आम्ही सांगलीकडचे जैन, आमच्या स्वयंपाकघराला कांदा-लसणाचा वाससुद्धा ठाऊक नाही. तरीपण माण तालुक्यातल्या एका वाडीत, बचत गटाच्या बायकांपुढं बसून त्यांना धपाटे शिकवायची पाळी माझ्यावर आली. तेच सांगायला बसले आहे. नावं बदलली आहेत, वाडीही बदलली आहे. कुणाला ओळख पटलीच, तर आपला अंदाज चुकला असं त्यानं खुशाल समजावं.

आधी धंदा काय ते सांगते. मी छातीचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. सांगलीच्या दवाखान्यात माझ्याकडं बरीचशी मुलं यायची ती जन्मापासून एचआयव्ही असलेली. आता गोळ्या चांगल्या आहेत. रोज घेतल्या तर ही मुलं शाळेत जातात, भांडतात, गणितात नापास होतात, सगळं रीतसर करतात. पण काहींच्या गोळ्या उशिरा सुरू झालेल्या असतात. तोवर छातीत इतक्या वेळा जंतू शिरून गेलेले असतात की फुफ्फुसातल्या नळ्या कायमच्या सैल पडतात, जुन्या पायजम्याच्या नाडीसारख्या. त्या परत आवळत नाहीत. सैल नळीत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू घर करतात, आणि पोर जिना चढताना तीनदा थांबतं. अशा मुलाला कित्येकदा टीबी समजून टीबीची औषधं देतात, ती संपतात आणि खोकला तसाच राहतो.

मग आम्ही काय करतो? मुलाला पालथं झोपवायचं, कमरेखाली उशी द्यायची म्हणजे डोकं खाली होतं. हाताची ओंजळ करून पाठीवर, फासळ्यांवर थापट्या मारायच्या. हात पोकळ हवा, आवाज डब-डब यायला हवा. चट्ट आवाज आला की समजावं, ती मारहाण झाली. कफ सुटतो, पोर "हाऽऽ" करून श्वास सोडतं, खोकतं, थुंकतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि दोन्ही वेळा जेवणाआधी. जेवल्यावर कराल तर जेवणही बाहेर येतं. एवढंच माझं शास्त्र. त्यासाठी मला पदवी घ्यावी लागली, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "पाठीत धपाटे घालायला कॉलेज कशाला हवं? आम्ही काय तुझ्या नवऱ्याला वाढवताना कॉलेजात गेलो होतो?" असं त्या विचारायच्या.

कोमल माझ्याकडं आली तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती आणि दिसायला आठची. बोटांची टोकं फुगलेली, ओठ जरासे निळसर. बरोबर तिचे आजोबा, बिरूआज्जा. धनगर माणूस, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. मेंढरं मुलाच्या आजारपणातच विकली होती. मुलगा आणि सून गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, परमुलखात गेले होते. परत आले ते आजारी होऊनच, आणि पाठोपाठ गेले. कोमल आधी कडेगावजवळ आत्याकडं राहत होती. तिथं कुणाच्या तरी तोंडून बातमी फुटली. शाळेत तिचं ताट वेगळं झालं, मग बसायची जागा वेगळी झाली, मग आत्याच म्हणाली की आज्जा, हिला घेऊन जा. कोमलनं त्या रागात महिनाभर गोळ्या गोठ्यामागं फेकल्या होत्या. त्यातून न्यूमोनिया झाला आणि ती कशीबशी वाचली.

"बाई," आज्जा पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरीला काय करायचं त्ये करा. उलटी टांगा, सुलटी टांगा. पर आमच्या वाडीत त्या रोगाचं नाव निघाया नगं. दमा हाय म्हनून सांगटलंय. परत नाव निघालं तर ही गोळ्या टाकून दील, तसं बोलूनच दावलंय तिनं."

मी कोमलकडं बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिला सगळं माहीत होतं, आणि ती शब्दाची पक्की होती हेही दिसत होतं. त्या दिवसापासून मला तिच्या फुफ्फुसापेक्षा तिच्या वाडीची जास्त भीती वाटायला लागली.

साताऱ्याच्या हद्दीतली ही माणसं सांगलीला का येतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. कारण सोपं आहे. आपल्या भागात ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणची माणसं सांगलीला येतात आणि सांगलीची कोल्हापूरला जातात. एसटीला त्याचा चांगला फायदा होतो.

तर पहिली गोष्ट, टीबी आहे की नाही ते बघायचं होतं. खिडकीवरच्या सिस्टरनी आज्जांच्या हातात झाकणाची डबी दिली आणि तोंडावरच्या मास्कमधून सांगितलं, "उद्या सकाळचा पहिला बेडका ह्यात घेऊन या." घट्ट कफाच्या गोळ्याला बेडका म्हणतात हे सांगलीत पोराटोरांना माहीत आहे. पण आज्जांच्या वाडीत त्याला खाकरा म्हणतात. आज्जा डबी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. चार दिवसांनी आले, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, आणि विजयी चेहऱ्यानं डबी माझ्यापुढं ठेवली. झाकणाला दाभणानं भोकं पाडली होती. आतून टुक-टुक आवाज येत होता.

"आज्जा, हे काय?"

"बेडका. सकाळचाच हाय. आवं, ह्या उन्हाळ्यात आमच्याकडं मानसाला पानी न्हाई, तितं बेडूक कुटनं आनायचा? जुन्या हिरीत उतरलो तवा येक घावला. ल्हान हाय, पर चालंल न्हवं?"

"अहो पण, बेडूक कशाला मागतील दवाखान्यात, असं मनात नाही आलं?"

आज्जा माझ्याकडं कीव आल्यासारखे बघत राहिले. "देवरुषी कोंबडं मागतो तवा आमी 'कशाला' म्हनून इचारतो का? तुमी तर शिकल्यालं लोक. मागिटलं म्हंजे कायतरी असंल."

तेवढ्यात सिस्टर आल्या, "आणला का?" म्हणत त्यांनी झाकण उघडलं, आणि बेडकानं थेट त्यांच्या रजिस्टरवर उडी घेतली. पुढचं काय सांगू! सिस्टर खुर्चीवर चढल्या. बेडूक बाकाखाली गेला, तिथून वजनकाट्यावर बसला. बाहेर बसलेली माझी सगळी पोरं, ज्यांना मी रोज "सावकाश चाला रे" म्हणून ओरडायची, ती त्याच्यामागं धावायला लागली. कोमल हसायला लागली. तोवर मी तिचा दात बघितला नव्हता. ती पोट धरून हसली, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता वाकली, आणि खरा बेडका बाहेर आला. मी झटकन दुसरी, कोरी डबी पुढं केली. बाकीच्या पोरांचंही तेच. त्या सकाळी सगळ्यांच्या छातीतून जेवढं बाहेर पडलं तेवढं माझ्या थापट्यांनी आठवड्यात पडलं नसतं.

तपासणीत टीबी निघाला नाही. बेडूक मी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर नेऊन सोडला. सासूबाईंना पहिल्यांदाच माझ्या कामाचं कौतुक वाटलं. "पंचेंद्रिय जीव वाचवलास," म्हणाल्या.

कोमलनं मात्र त्यातून आपलं शास्त्र काढलं. "बाई, माज्या छातीत अजून लय बेडूक हायत का?"

"आहेत."

"मग रोजच हाकलाय लागतील."

"रोजच."

"कोन हाकलनार?"

मी आज्जांकडं बोट केलं. आज्जांना शिकवणं हा वेगळाच तमाशा होता. ओंजळ झकास करायचे, पण थापटी मारताना हात असा भीत भीत टेकवायचे की कोमलला गुदगुल्या व्हायच्या. शेवटी मलाच म्हणाले, "बाई, ताल द्या की. बिनतालाचं कसं वाजवायचं?" आज्जा तरुणपणापासून धनगरांच्या गजी नाचात ढोल वाजवणारे, देवाच्या जत्रेत रात्र काढणारे. मी म्हटलं, तुमच्या मनातला घ्या. चूक माझी. पुढच्या क्षणी त्यांनी मान एका बाजूला टाकली, डोळे अर्धे मिटले आणि नातीच्या पाठीवर गजी सुरू केला. थापट्या अगदी पोकळ, अगदी माझ्या पुस्तकातल्यासारख्या. फक्त लय वाढत चालली. शेजारच्या खोलीतले वॉर्डबॉय दारात येऊन पाय आपटायला लागले.

"आज्जा, हळू!"

"गजी हळू वाजत न्हाई, बाई."

कोमलनं पालथ्या पालथ्या मान वर केली. "ऱ्हाऊ द्या बाई. बेडूक हलाय लागल्यात."

अशी ती दोघं वाडीला गेली. महिना-दोन महिने बरे गेले. वजन वाढलं, शाळा चुकेना, तिला लेझीमच्या रांगेत उभं राहायचं होतं तर मास्तरांनी शेवटून दुसरी जागा दिली. आणि एक दिवस त्यांच्या वाडीच्या आशाताईंचा, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला. ह्या आशाताईंनाही दमाच माहीत होता.

"मॅडम, लय घोटाळा झालाय. हवालदारतात्या म्हनत्यात, बिरूआज्जा पोरीला रोज सकाळी बडवतो. ढबाढबा आवाज येतो सगळ्या वाडीला. पोलीस पाटलांना घिऊन येनार हायत. आनि इचारत्यात, पोरीला असं झालंय काय, की सांगलीला न्ह्याय लागतं? म्हसवडला डाक्टर मेल्यात काय?"

हवालदारतात्या फौजेतून निवृत्त झालेले. वाडीची सीमा आता तेच राखायचे. मी ओरडून सांगितलं, "आज्जा मारत नाहीत, धपाटे घालतात! मी स्वतः येते. येऊन सगळ्यांना धपाटे दाखवते!"

"धपाटे?" असं ऐकू आलं आणि रेंज गेली.

इथं आमच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. अशा घरी जाताना आम्ही दवाखान्याची म्हणून कधी जात नसू. गाडी लांब उभी करायची, आणि विम्याची बाई, शाळेची बाई, काहीतरी बनून जायचं. एकदा इस्लामपूरकडं मी साड्यावाली म्हणून गेले होते. दोन घरं पलीकडची बाई साड्या बघायलाच आली. पिशवीत माझी बदलायची एक जुनी साडी होती, ती तिला इतकी आवडली की विकावी लागली. पदराला हळदीचा डाग होता, तो डिझाइन म्हणून खपला. ह्या वेळी मात्र कोण बनून जायचं ह्याचा विचार करण्याची गरजच पडली नाही. आशाताईंनी तो आधीच करून ठेवला होता.

मी वाडीत शिरले तर आज्जांच्या अंगणात सतरंजी घातलेली. वीस-पंचवीस बायका बसलेल्या. मधे चूल, तवा, परात, ज्वारीचं पीठ. समोर दोन खुर्च्या, एकीवर पोलीस पाटील, दुसरीवर मिशा पिळत हवालदारतात्या. आशाताईंनी नारळ माझ्या हातात ठेवला आणि बायकांना सांगितलं, "ह्या सांगलीच्या मॅडम. आपल्या बचत गटाला धपाटे शिकवायला आल्यात."

फोनवरचा 'धपाटे' एवढाच शब्द त्यांनी धरला होता. मग वाटलं, ह्याहून चांगलं सोंग कुठं मिळणार! आज्जा दारात उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. कोमल त्यांच्या मागं. मी पदर खोचला आणि चुलीपुढं बसले.

आता वस्तुस्थिती अशी की मी आयुष्यात एकही धपाटं थापलं नव्हतं. आणि समोरच्या बायका दात यायच्या आधीपासून ते खात आलेल्या.

"पीठ घ्या," मी म्हटलं. "मीठ घाला. कांदा-लसूण घालायचा नाही."

पहिल्या रांगेत एक पन्नाशीची विधवा बाई बसली होती, आज्जांची शेजारीण, पारूकाकी. भिंतीला भिंत. ती गंभीरपणे म्हणाली, "मग काय घालायचं बाई? माती?"

बायका खो-खो हसल्या. मी कबूल केलं की आमच्यात लसूण चालत नाही. "आगं बाई, सवाष्णीवानी दिसतीया आनि जलम असा अळणी," असं मागून कुणीतरी म्हणालं. मी गोळा घेतला आणि थापायला लागले. पण हाताला सवय एकच, ओंजळीची. प्रत्येक थापटीला धपाट्यात हवा जायची आणि मधे फुगा यायचा. माझी जीभही सवयीनंच चालत होती. "हात पोकळ ठेवायचा. मनगट सैल. कण्यावर मारायचं नाही, दोन्ही बाजूंनी. आणि उपाशीपोटीच घालायचे बरं का. जेवल्यावर घातले तर उलटी होते."

"धपाटं उपाशीपोटी?" पारूकाकीनं विचारलं.

"हो. नंतर अर्ध्या तासानं जेवायचं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तात्या पाटलांच्या कानाशी लागले. आणि नेमक्या त्याच वेळी घरातून आवाज सुरू झाला. आज्जांना वाटलं, बाई तपासायलाच आल्यात, वेळ झालीय, आपण कामाला लागावं. डब-डब, डब-डब. गजी चढत चालला.

तात्या उठले. "सुना? सुना पाटील? ये क्या चक्कर हाय! मॅडम हितं पीठ बडवत्यात आनि ह्यो आत पोरीला! आज मी इचारनारच. पोरीला रोग कंचा, दवाखाना कंचा, समद्यांच्या म्होरं!"

मी पिठाचे हात घेऊन उभी राहिले. खोटं बोलायचं म्हटलं तरी काय बोलणार? माझ्या पिशवीत छाती तपासायची नळी होती, आज्जांच्या फळीवर गोळ्यांची बाटली होती. आतला ढोल थांबला नव्हता, म्हणजे आज्जांना बाहेरचं काही ऐकू गेलं नव्हतं. पण दाराच्या फटीतून मला कोमलचं तोंड दिसलं, पालथी पडलेली, आणि तिला सगळं ऐकू येत होतं. आता ही पोर उद्यापासून गोळ्या फेकणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

तात्यांनी उंबऱ्यापाशी पाऊल टाकलं आणि मागून "हूंऽऽऽ" असा आवाज आला.

पारूकाकीचा अंबाडा सुटला होता. हात परातीतच, पण अंग घुमायला लागलं होतं, आतल्या ढोलाच्या बरोबर तालावर. "वारं आलं! पारूच्या अंगात वारं आलं!" बायकांनी परात बाजूला ओढली, कुणी भंडारा आणला, कुणी पाटलांना खुर्चीवरून उठवलं. देवाचा ढोल वाजला की देव येणारच, तो ढोल चामड्याचा आहे की नातीच्या पाठीचा ह्याची चौकशी देव करत नसावा. तात्यांनी पायातले बूट काढले आणि हात जोडले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. देवच आलाय तर देवालाच विचारू.

"देवा, बिरूच्या नातीला झालंय काय? खरं सांग."

पारूकाकीचं घुमणं एकाएकी थांबलं. तिनं मान खाली घातली. मला तो वेळ फार मोठा वाटला. मग तिनं पुन्हा मान वर केली आणि पुन्हा घुमायला लागली, आधीपेक्षा जोरात.

"कोन इचारतंय?"

"मी, हवालदार."

"पोरगी कुनाची?"

"बिरूची, देवा."

"बिरूची न्हवं. माजी हाय. तिच्या छातीत वारं कोंडलंय. म्हनून तिच्या पाठीवं माजा ढोल वाजतोय. सकाळच्या पारी, दिवस कलल्यावं. उपाशीपोटी! येक बी चुकवायची न्हाई! आनि जो कोन तिचं आजारपन उकरत बसंल, त्याच्या दारात मी नाचीन!"

आज्जा आतून धावत आले, पटका सुटलेला, आणि देवाच्या पायावर पडले. कोमल दारात उभी राहून खोकत होती, पण डोळे चमकत होते. तात्या कान धरून उभे. मग त्यांनाही खोकला आला, बिडीचा जुना खोकला. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि हळूच विचारलं, "देवा, मलाबी चालंल का धपाटं?"

"घाल रं बिरू, ह्यालाबी," देव म्हणाला.

अंगणातच घोंगडं अंथरलं. हवालदारतात्या सगळ्या वाडीसमोर पालथे झाले. त्या दिवशी बिरूआज्जांनी त्यांना जे धपाटे घातले ते वैद्यकीय गरजेपेक्षा थोडे जास्तच होते. मी अडवलं नाही. उठल्यावर तात्या छातीवर हात फिरवत म्हणाले, "एकदम क्लिअर!" पुढं कित्येक महिने ते दर सोमवारी स्वतःहून येऊन पालथे पडायचे, असं कोमल सांगायची. वाडीतल्या पोरांना साधी सर्दी झाली तरी आज्जांकडं रांग लागायची. आवाजाची तक्रार पुन्हा झाली नाही.

त्या दिवशी एसटीत बसले आणि माझ्या मनात एक खडा टोचत राहिला. देव म्हणाला होता, "येक बी चुकवायची न्हाई." ढोल चुकवायचा नाही, म्हटलं असतं तर ठीक. धपाटा चुकवायचा नाही, तेही ठीक. पण चुकवायची? कोण चुकवायची? आमच्या दवाखान्यात समुपदेशक बाई प्रत्येकाला, गोळ्यांची बाटली हातात देताना, हेच वाक्य म्हणतात: एक पण चुकवायची नाही. ती, गोळी. मी स्वतःला समजावलं की देवाचं व्याकरण आपण काढू नये.

सगळ्याच मुलांचं असं धकलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं आज नाहीत, त्यांच्या पाठी मला अजून आठवतात, कुठली फासळी वर आलेली होती तेसुद्धा. गोळ्या आणखी लवकर मिळाल्या असत्या, टीबी टीबी म्हणून वर्षं वाया गेली नसती, तर ती जगली असती, ह्याचा मला राग आहे आणि तो निवृत्तीनंतरही गेलेला नाही. कोमलचीही फुफ्फुसं बरी झालेली नाहीत, ती व्हायची नाहीतच. ती आता इस्लामपूरला कॉलेजात आहे. जिना सावकाश चढते, पंप घेते, गोळ्या घेते. आज्जा थकले, म्हणून हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला तिनं धपाटे शिकवलेत. मैत्रिणीला ताल नाही, अशी तिची तक्रार असते.

पण मी सांगत होते पारूकाकीचं. त्या प्रकारानंतर काही महिन्यांनी मी दवाखान्याच्या लांब बोळातून जात होते. गोळ्यांच्या खिडकीसमोर नेहमीची रांग. बायका तिथं पदर नाकाच्या खालपर्यंत ओढून उभ्या असतात, आणि आम्हीही मुद्दाम कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. रांगेतून एक हात पुढं आला. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"घ्या बाई. लसूण न्हाई घाटला."

मी जागच्या जागी थांबले. पदराआडचं तोंड मला दिसत नव्हतं, पण कोण ते सांगायची गरज राहिली नव्हती. आम्ही दोघी बोळाच्या टोकाला, जिन्याखाली गेलो. तिचा नवराही गलाईलाच होता. आज्जांच्या भिंतीपलीकडं ती किती तरी वर्षं गोळ्या घेत होती, आणि आज्जांना पत्ता नव्हता. तिला मात्र भिंतीतून सगळं ऐकू यायचं. कोमलच्या बाटलीचा खुळखुळाट तिनं पहिल्याच दिवशी ओळखला होता, कारण तो तिच्याच बाटलीचा होता.

मला राहवलं नाही. "काकी, खरं सांगा. त्या दिवशी खरंच देव आला होता?"

ती रागावली. "आलता की! खोटं कशाला बोलू? बिरूआज्जानं तसा ताल धरला आनि वारं न आलं तर देव कसला?" मग तिनं जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि आवाज खाली आणला. "पर हवालदारानं पोरीचं इचारलं न्हवं, तवा गेला. म्या वाट बगितली जरा. परत येईचना. मग म्हनलं, पारे, आता देव गेला, तर सांगायचं कुनी?"

मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले. आपलं गुपित उराशी असताना भर अंगणात दुसऱ्याच्या गुपितावर आडवं पडायचं, ह्याला केवढी छाती लागते, हे छातीचंच काम करणाऱ्या मला तिनं शिकवलं.

हे सगळं लिहू का, म्हणून मी तिला अलीकडं विचारलं. "लिवा की," म्हणाली. "आता मला कुनाचं भ्या न्हाई. पर माजं नाव नगा घालू, आनि देवाला कमीपना येईल असं काय लिवू नगा." मी शब्द दिला आणि तो पाळला आहे.

तिचे धपाटे मी तिथंच, जिन्याखाली उभ्यानं खाल्ले, शेवटच्या तुकड्यापर्यंत. ती समोर बसून बघत होती. लसूण नव्हता, कांदा नव्हता, आणि त्या नादात ती मीठ घालायलाही विसरली होती. एवढं एक मात्र तिला न विचारता लिहिते आहे.